शेवटच्या दिवसाचं सोंग

"मग खरी आई कोणती, बुवा?"

सोनाजीबुवा बहुरूपी आपल्या पालासमोर बसून तोंडावरचा कालच्या सोंगाचा रंग तेलाने काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा भार्गव दिल्लीच्या एका वाहिनीत मोठा माणूस. लहानपणी तो बुवांकडे सोंगं शिकला होता, आणि कोणाचंही सोंग आपण लांबून ओळखतो असा त्याचा तोरा होता. आज तो पार उतरला होता.

झालं होतं असं. मागे 'अस्सल मराठवाडा' दाखवायचा म्हणून त्याने आपल्याच आईला नऊवारी नेसवली, नथ घातली. आई जन्मभर साधं पातळ नेसलेली. नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून चापाची नथ आणावी लागली. देशाला ती फार आवडली. आता वाहिनीला उपरती होऊन 'खरा मराठवाडा' हवा होता. उद्या कॅमेरे येणार होते, आणि आई नथ काढायला तयार नव्हती.

"ती म्हणते, देश मला अशीच ओळखतो. मी म्हटलं, आई, ते सोंग होतं, मीच चढवलं होतं. तर म्हणते, आधीचं सोंग नव्हतं कशावरून?"

बुवांनी कानामागचा रंग पुसला.

"मलाच काही कळेनासं झालंय. तुम्ही तिला समजवा."

बुवांनी तोंड धुतलं आणि ते उठले. बहुरूपी गावात रोज नवं सोंग आणतो. शेवटच्या दिवशी मात्र सोंग न घेता, आपल्या साध्या तोंडाने घरोघर निरोप घेतो. आज तो दिवस होता. भार्गवला हायसं वाटलं. बुवांचा उघडा चेहरा पाहून आई काय ते समजेल, असं त्याने गृहीत धरलं.

आई दारात आली. नऊवारी, नथ. या आठवड्यात बुवांचा पोलीस तिने ओळखला होता, साधूही ओळखला होता. आज ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"आज कोणाचं सोंग आणलं, बुवा? वळखू येईना…"

ती थट्टा करतेय की खरंच विचारतेय, हे भार्गवला कळेना. तो आशेने बुवांकडे बघू लागला.

बुवांनी ओल्या तोंडावरून हात फिरवला.

"अजून सराव चालू हाय, माय."