मोहोरावरच्या माश्या

"पण बुवा, पाप नेमकं कुणाचं?"

नरहरने पुन्हा विचारलं. भिवाबुवा आंब्याखाली पाय पसरून बसले होते. टेकडीवरच्या या मठाच्या बागेत यंदा मोहोर उदंड आला आणि सगळाच्या सगळा गळून गेला. झाडांवर औषधालासुद्धा कैरी नव्हती.

आंबा विकून मठात तांदूळ येई. पावसाळ्यात मासेमारी थांबली, की खाडीकाठच्या खारव्यांची पोरंबाळं त्याच तांदळाची पेज पिऊन दिवस काढत. सकाळीच सुंदराबाय खारवीण विचारून गेली होती, यंदा मठाची चूल पेटेल ना. नरहरने तिला देवाची इच्छा सांगून वाटेला लावलं होतं. अशा वेळी देव फार उपयोगी पडतो.

"मोहोराच्या दिवसांत खारवी येऊन फांद्यांना कुजकी मासळी टांगायचे," बुवा म्हणाले. "यंदा दिसली नाही."

"मी बंद केली."

नरहरची मान ताठ झाली. शिष्यांत थोरला तोच, पुढची गादी त्याचीच, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं.

"देवाच्या दारात ती घाण. माश्या नुसत्या घोंगावायच्या. आता बघा, कुठे दिसते का एक तरी."

"नाही दिसत."



मग बुवांनी सांगितलं. माश्या घाणीच्या वासाने येतात आणि मोहोरावर बसतात. या फुलाचा पराग त्यांच्या पायांना चिकटून त्या फुलावर जातो. तेव्हा कुठे कैरी धरते.

 पण नरहरचं पडलो तरी नाक वर. पुढल्या वर्षी मधमाश्यांच्या पेट्या आणू, म्हणाला. त्या तरी सोवळ्या असतात.

"आणि हा पावसाळा?" बुवांनी विचारलं.

नरहर उपरणं सारखं करू लागला.

बुवांनी धोतर जरा वर घेतलं. नडगीवरची जखम बरेच दिवस भरत नव्हती; वैद्यानेही आशा सोडली होती. कुठूनशी एक माशी आली आणि तिच्यावर बसली. नरहर उपरण्याने तिला हाकलायला वाकला. बुवांनी त्याचा हात धरला.

"बसू दे. मठात एवढीच उरलीय."

नरहरला भडभडून आलं. बुवांवर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती.

"असं बोलू नका, बुवा. तुमच्या समाधीसाठी काळा दगड सांगून ठेवलाय. आत मुंगीसुद्धा शिरणार नाही."

बुवा खाली खाडीकडे बघत राहिले. खारवी होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकत होते...

"दगड परत पाठव," ते म्हणाले. "मोहोर आला, की मला फांदीला टांग."