सुगरण आणि दोन ब्राउझर

यंत्रंही तोंड उघडून बोलत, त्या काळची गोष्ट. सुगरण पक्षिणीने खारीच्या शेंगदाण्याच्या दुकानासाठी वेबपेज विणलं. नव्या ब्राउझरमध्ये ते देखणं दिसे; जुन्यात मात्र ‘मागवा’चं बटण फोटोखाली दडे. कासवं जुनाच वापरत आणि रिकाम्या हाती परतत.

सुगरणीने ठिगळ लावलं, तर नव्यात चौकट मोडली. ती सावरली, तर जुन्यात अक्षरं एकमेकांवर चढली. सुगरण रडकुंडीला आली.

“मेल्या, त्याला जमतं, मग तुलाच काय धाड भरलीय?” ती जुन्यावर खेकसली.

“बाई, बटण फोटोपासून ‘वीस’ दूर, असं लिहिलंस. वीस काय? बोटं की हात?”

सुगरणीने पाहिलं. माप लिहायचंच राहिलं होतं.

“मग तो कसा काही बोलला नाही?”

“त्याने तुझी चूक पोटात घातली,” जुना म्हणाला, “म्हणून तो तुला शहाणा वाटला.”