बिनकारणाचा नकार

एकदा एक रंगाचा व्यापारी घाट उतरताना सायकलवरून पडला. पडल्याने माणूस शहाणा होतो अशी आपली एक समजूत असते. ती बहुतेक वेळा खोटी ठरते. या व्यापाऱ्याच्या बाबतीतही ती अर्धीच खरी ठरली.

त्याचे नाव उमाकांत शेटे. वय पंचेचाळीस. डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका मध्यम शहरात त्याचे रंगाचे दुकान होते. दुकानाचा जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्याने सायकल घेतली आणि दर रविवारी पहाटे घाट चढून जाणाऱ्या सात-आठ जणांच्या मंडळात तो सामील झाला. घाट चढायला त्याला शिकवले ते बापू इंगवले यांनी. बापू बहात्तर वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. बोलणे मोजके. "श्वास तुटला तर गिअर उतरव, मान उतरवू नकोस," एवढाच त्यांचा उपदेश. उमाकांत त्यांना गुरू मानी. बापूंना ते फारसे आवडत नसे.

घाटमाथ्यावर एक ढाबा होता. मंडळ तिथे थांबे. पहिल्या वर्षी चहा आणि भजी होत. पुढे बिअर आली. मंडळाचा म्होरक्या रणधीर हा बांधकामाचा मोठा ठेकेदार. "एवढा घाट चढून आलोय, ही आपली हक्काची," असे म्हणून तो पेले भरी. बापू त्याच टेबलाशी बसून चहा पीत, आणि त्यांना कोणी आग्रह करत नसे. उमाकांतची आधी एक बाटली होई, मग दोन होऊ लागल्या. रविवारची सवय हळूहळू बुधवारी आणि शुक्रवारीही घरात शिरली. तरी आपण पितो असे त्याला कधी वाटलेच नाही. पिणारे म्हणजे बसस्टँडमागच्या गुत्त्यासमोर लोळणारे. आपण हेल्मेट घालतो, मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके पाहतो, आपण खेळाडू.

मग तो पडला. दोन बाटल्या पोटात होत्या. एका वळणावर डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली एक बाई समोर आली. त्याने ब्रेक दाबला तो उशिराच. ती कशीबशी बाजूला झाली आणि हा सायकलसकट चरात गेला. भारा टाकून ती धावत आली, त्याला दंडाला धरून बसवले, आणि एकदम मागे सरली. नाकाला पदर लावून ती त्याच्या हेल्मेटकडे, चकचकीत सायकलीकडे बघत राहिली.

"सायकलवालं बी पित्यात व्हय?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होते. कोपर सोलवटले होते, त्याला टाके पडले, ते भरूनही आले. पण ते आश्चर्य उमाकांतच्या मनातून गेले नाही. थोडे इकडेतिकडे झाले असते तर ती बाई चरात असती, हे त्याला दर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दिसू लागले. त्याने दारू सोडली.

पहिले दहा दिवस कठीण गेले. झोप उडाली. दुकानातल्या माणसांवर तो विनाकारण ओरडला. बायको वैजयंती संध्याकाळी त्याच्याबरोबर लांबवर चालायला जाऊ लागली. दारू सोडल्याची गोष्ट घराबाहेर त्याने फक्त बापूंना सांगितली. बापू तेव्हा एका चाकाच्या तारा आवळत होते.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि पुन्हा तारा आवळू लागले. उमाकांतला वाटले होते, गुरू पाठीवर हात ठेवतील. तसे काही झाले नाही.

पण ढाब्यावर काय सांगायचे? पहिल्या रविवारी तो म्हणाला, "टाके आहेत, डॉक्टर नको म्हणालेत." दुसऱ्या रविवारी म्हणाला, "गोळ्यांचा कोर्स चालू आहे." तिसऱ्या रविवारी ॲसिडिटी झाली. दर वेळी रणधीर म्हणे, "बरा हो लवकर, तुझी बाकी साचत चालली आहे," आणि सगळे हसत. त्यांच्याबरोबर उमाकांतही हसे. बापू चहाच्या कपावरून त्याच्याकडे पाहत.

मग श्रावण लागला आणि उमाकांत सुटला. "श्रावण पाळतोय यंदा," असे त्याने म्हणताच टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. "मग तुझी बाकी गणपतीनंतर वसूल करू," रणधीर म्हणाला. पण त्यानेही आग्रह केला नाही. श्रावणाला कोण काय बोलणार? उमाकांतला वाटले, निदान महिनाभर आपल्याला कोणी हात लावू शकत नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी बापूंनी त्याला संध्याकाळी घरी बोलावले. बापू एकटे राहत. त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, कांदा-मिरची बारीक चिरली आणि दोन अंड्यांचे आम्लेट करून त्याच्यापुढे ठेवले. स्वतः मात्र भाजलेले शेंगदाणे खात बसले.

"बापू, श्रावण आहे," उमाकांत हसत म्हणाला.

"तू कधीपासून पाळायला लागलास?"

उमाकांत ओशाळला. घरी श्रावण पाळायची ती त्याची आई; ती गेल्यावर ते सुटले होते. त्याने आम्लेट खाल्ले. चांगले झाले होते.

दुसऱ्या दिवशी ढाब्यावर पेले भरले जात होते. रणधीर सवयीने उमाकांतला ओलांडून पुढच्या पेल्याकडे वळला, आणि म्हणाला, "आमचे शेटे महाराज सध्या श्रावणात आहेत."

"कसला श्रावण?" बापू म्हणाले. "काल माझ्या घरी दोन अंड्यांचं आम्लेट खाल्लंय त्याने. डॉक्टर, गोळ्या, ॲसिडिटी, यातलंही काही नव्हतं. खोटं बोलत होता तो."

उमाकांतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ज्या माणसावर सगळ्यांत अधिक विश्वास टाकला, त्याने चारचौघांत उघडे पाडले होते. त्याने बापूंकडे पाहिले. बापू भजे मोडून चटणीत बुडवत होते.

रणधीरने बाटली उचलली, एक पेला काठोकाठ भरला आणि उमाकांतच्या पुढ्यात आणून ठेवला. "म्हणजे महिनाभर आम्हाला बनवत होतास? घे. नाहीतर का नको ते सांग."

पेल्यावरचा फेस हळूहळू बसत होता. उमाकांतच्या घशाला कोरड पडली होती, आणि त्या वासाने ती अधिकच जाणवू लागली. एक घोट घेतला असता तर सगळे हसले असते, पाठीवर थाप पडली असती, प्रकरण मिटले असते. सांगण्याजोगे कारण त्याने मनात शोधले, पण सगळी कारणे बापूंनी एका वाक्यात संपवून टाकली होती. मग त्याला राग आला, कोणाचा आणि कशाचा हे त्यालाही कळले नाही. आणि त्या रागाबरोबर आवाजही आला.

"नको," तो म्हणाला.

"पण का?"

"नको म्हणून नको. डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. बायकोनं शपथ घातलेली नाही. देवाला मी काही कबूल केलेलं नाही. मी पीत नाही."

"किती दिवस?"

"दिवस मोजायला मी काही उपासाला बसलेलो नाही."

कोणीतरी हसले. रणधीर हसला नाही. "मग आमच्यात बसतोस कशाला? आम्ही बिघडलेले, तू सज्जन. घरी जाऊन ताक पी."

"घाट तुझ्याइतकाच चढून आलोय रणधीर," उमाकांत म्हणाला. "आज तर तुझ्या आधी आलो. भूक लागलीय, म्हणून बसलोय. तुला प्यायचंय तर पी, मी तुला कधी अडवलं? पण मी इथून उठणार नाही, आणि हेही पिणार नाही." त्याने तो पेला दोन बोटांनी टेबलाच्या मध्यावर सरकवला आणि ढाबेवाल्याला मोठ्याने हाक मारून मिसळ मागवली. मिसळ आली. त्याने ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. त्याच्याशी कोणी बोलले नाही.

उतारावर, मंडळ पुढे गेल्यावर, त्याने बापूंच्या सायकलीपुढे आपली सायकल आडवी घातली.

"बापू, तुम्ही माझं नाक कापलंत. तुम्हा एकट्यालाच मी विश्वासानं सांगितलं होतं."

बापू सायकलवरून उतरले आणि रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "उमाकांत, टाके निघतात. गोळ्यांचा कोर्स संपतो. श्रावणही संपतो. तू नकार देत नव्हतास, मुदत मागत होतास. मीसुद्धा मागितली होती. एक्केचाळिसाव्या वर्षी सोडली, तेव्हा सगळ्यांना सांगितलं, वर्षभराचा नवस आहे. लोकांनी मान दिला. वर्ष भरलं त्या संध्याकाळी वर्कशॉपमधले सहा जण बाटली घेऊन दारात उभे. म्हणाले, बापू, नवस फिटला. माझ्याकडे बोलायला शब्द नव्हता. मी सोडलीच नव्हती रे, देवाकडे ठेवायला दिली होती. ती मी परत घेतली. पुढं पाच वर्षं पिण्यात गेली. त्यातच माझी बायको माहेरी गेली, ती परत आली नाही."

उमाकांतने आपली सायकल बाजूला घेऊन कठड्याला टेकवली.

"श्रावण संपल्यावर त्यांनी पेला पुढे केलाच असता," बापू म्हणाले. "तेव्हा मी शेजारी असेन की नाही, कोण जाणे. आज होतो. म्हणून आज."

"आणि मी घेतला असता तर?"

"ती भीती मला कालपासून होती. ती भजी गोड होती की तिखट, मला सांगता येणार नाही." बापूंनी डोळे पुसले, आणि लगेच सायकल उचलून म्हणाले, "चल, ऊन चढतंय."

पुढच्याच आठवड्यात रणधीरच्या नव्या इमारतीचा रंग दुसऱ्या दुकानातून गेला. उमाकांतने दुकानातल्या माणसांना सांगितले, "जाऊ दे. शहरात भिंती पुष्कळ आहेत." पण रविवार त्याने सोडला नाही. दर रविवारी तो ढाब्यावर त्याच टेबलाशी बसे. पहिल्या दोन रविवारी त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, आणि तो तिच्या शेजारी ताठ बसून जेवला. तिसऱ्या रविवारी तिथे बापू येऊन बसले. चौथ्या रविवारी रणधीरने स्वतःहून टायरची चौकशी केली. मैत्री पूर्वीसारखी झाली नाही, पण हा माणूस उठत नाही, हे सगळ्यांना कळून चुकले.

गणपती उठले. त्यानंतरच्या रविवारी बापू आले नव्हते, ताप होता. रणधीरने पेले भरायला घेतले. टेबलाच्या कडेला देवदत्त म्हणून बँकेतला एक कॅशियर बसे. मितभाषी माणूस, आणि अलीकडे सकाळीसुद्धा त्याचे डोळे लाल असत. पेला त्याच्यापुढे आला तेव्हा त्याने त्यावर पालथा हात ठेवला.

"आज नको."

"का रे? तुला काय झालं?"

देवदत्त गडबडला. त्याने उमाकांतकडे पाहिले, आणि त्या नजरेत स्पष्ट याचना होती. उमाकांतच्या ओठांवर शब्द आलेही होते : त्याची तब्येत बरी नाही, परवा दवाखान्यात दिसला होता मला. एका वाक्याचे काम होते. बिचारा सुटला असता.

उमाकांतने ते वाक्य गिळले. स्वतःच्या वेळी वाटली नव्हती इतकी भीती त्याला आता वाटली. त्याने आपली खुर्ची फक्त थोडी देवदत्तच्या बाजूला ओढली आणि वाट पाहिली.

मग देवदत्त म्हणाला, आधी पुटपुटत आणि नंतर पुन्हा एकदा, सर्वांना ऐकू जाईल असे, "काही झालेलं नाही. नको आहे मला."

ज्यांच्या पुढ्यात आज कोणी पेला सरकवील, त्यांनी एवढे करून पाहावे : कारण न देता नको म्हणावे, आणि खुर्चीवरून उठू नये.