रानमूग पेरणारी ठमाई

फार फार वर्षं झाली. किती, ते खैरदऱ्यात कुणाला विचारू नका. प्रत्येक जण वेगळा आकडा सांगेल आणि वर शपथही घेईल. तेव्हा या गावात ठमा नावाची एक बाई राहत होती. एकटीच, चार शेळ्यांची धनीण. तिला एक खोड होती. कुठलीही गोष्ट अशी का, हे कळल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. मुंगी सरळ न जाता वळसा घालून का गेली, हे बघायला ती अर्धा दिवस उकिडवी बसली होती, असं म्हणतात.

सलग दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली आणि गावानं पोटासाठी बियाणंसुद्धा शिजवून खाल्लं. उद्या पाऊस आलाच, तर पेरायचं काय? ठमाला डोंगरावर एक वेल दिसला होता. कातळाच्या भेगेतही हिरवा, पानं तीन-तीन, फूल इवलंसं पिवळं. पण तशाच पिवळ्या फुलांची आणखी दोन झाडं शेजारी होती आणि त्यातलं एक खाऊन तिची शेळी मेली होती. म्हणून ठमानं घाई केली नाही. तिनं शेंगा बघितल्या. एकाच्या फुगीर आणि वाजणाऱ्या, दुसऱ्याच्या चपट्या, या वेलाच्या मात्र सुईसारख्या बारीक, केसाळ, पिकल्या की काळ्या. तितर याच शेंगा टिपतात, हेही तिनं पाहिलं. मग चार दाणे शिजवून आधी स्वतः खाल्ले, दोन दिवस वाट पाहिली आणि गावात येऊन सांगितलं, "मूगच हाय, रानचा!"

ती शेंग उन्हात तडकते आणि दाणे उडून जातात, म्हणून ठमा पहाटेच्या दवात शेंगा तोडायची. कशाबशा दोन ओंजळी भरल्या. साऱ्या गावाचं बियाणं तेवढंच. पुढे पाऊस झाला. येसाजी पाटलांनी गावातली सगळ्यात चांगली जमीन नांगरून एक ओंजळ आपल्या हातानं पेरली. आठ दिवस गेले, दहा गेले. एक कोंब नाही.

"अवस झाली की गाव उठवायचं," पाटील म्हणाले. "ऱ्हायलेली ओंजळ शिजवा आन् पोरांच्या तोंडात घाला."

ठमाला मात्र नवल वाटलं. डोंगरावर कोण नांगर धरतो? मग तिथे हा उगवतो कसा? ती वर गेली. मऊ मातीत गेल्या सालचे दाणे टणक, जसेच्या तसे पडले होते. ओढ्याच्या खडीत मात्र कोंबच कोंब! तिनं तिथला एक फुगलेला दाणा उन्हात धरला. त्याच्या सालीवर ओरखडे होते. पाण्यानं त्याला दगडगोट्यांवरून फरपटत आणलं होतं. साल खरवडल्याशिवाय आत पाणी शिरत नाही, हे तिला उमगलं आणि ती एकटीच हसली.

खाली येऊन तिनं वाळक्या भोपळ्यात ती ओंजळ ओतली, वर खरखरीत वाळू घातली, तोंडाला बोळा लावला आणि भोपळा खडखड हलवत चालू लागली. बियाणं म्हणजे लक्ष्मी. तिला वाळूत घासायचं? बायांनी कानांवर हात ठेवले. पाटील धावत आले.

"ठमे, आन त्यो भोपळा हिकडं! पोरांच्या तोंडचा घास हाय त्यो!"

"दिस बुडंस्तवर कळ काढा, पाटीलबाबा," ठमा म्हणाली आणि थांबलीच नाही.

हिसकावून घ्यावा, तर बोळा निसटून दाणा मातीत जायचा. पाटलांनी आपलेच हात पाठीमागे घट्ट धरले आणि ते तिच्या मागून चालू लागले. ठमानं शिवेभोवती सात फेरे घातले. त्या आवाजानं डोंगरातले दाणेसुद्धा जमिनीत कूस बदलू लागले, असं म्हणतात. दिवस मावळला तेव्हा तिनं भोपळा फोडला आणि त्याच शेतात दाणा पेरला.

अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाड्या भरून उभ्या होत्या. पाटील शेवटचं म्हणून शेत बघायला गेले आणि बांधावरच बसून माती चाचपू लागले. ओळच्या ओळ उगवली होती. त्या ओंजळीचे दहा खंडी मूग झाले, असं म्हणतात. यात थोडा मीठमसाला असेलही. पण गाव उठलं नाही, एवढं खरं.

आता खैरदऱ्यात पाकिटातलं बियाणं येतं. त्याला घासावं लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पेरणीच्या आदल्या दिवशी गावातली एक बाई वाळू आणि रानमूग भरलेला भोपळा वाजवत शिवेभोवती फिरते. तिच्या मागून पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष अनवाणी चालतो. दिवस बुडेपर्यंत तो तिला एका शब्दानं अडवत नाही, आणि पाठीमागे धरलेले हात सोडत नाही.