शंभरावा मणी

सूर्य हातभर वर आला होता, ऊन स्वच्छ पडले होते, तेव्हा सातवा बंधारा फुटला. खालच्या वाळूतली एकोणीस घरटी वाहून गेली.

त्या राज्यात सात बंधारे होते आणि सातांवर एकच पोथी चालत होती. ती मुंगूसरावांनी राजधानीच्या मोठ्या बंधाऱ्यावर बसून लिहिली होती. पाणी बोटभर चढले की माळेतला एक मणी सरकवावा, शंभरावा मणी सरकला की दरवाजा उघडावा. त्याआधी उघडेल त्याला हद्दपारी. मोठ्या बंधाऱ्यावरच्या माळेत हजार मणी होते. बाकीच्यांनी मिळतील तेवढे मणी ओवून आपापली माळ केली होती. पोथीत नुसते ‘माळ’ म्हटले होते. एक अक्षर न बदलता ती कुठेही चालते, याचा राजधानीला मोठा अभिमान होता.

सातव्या बंधाऱ्याच्या राखणदार कासवाच्या माळेत चौसष्ट मणी होते. ते संपले की पहिला लाल मणी पुन्हा हाताशी यायचा आणि मोजणी एकपासून सुरू व्हायची. पाणी कधी चाळिसाच्या वर गेलेच नव्हते, म्हणून इतकी वर्षे निभावले.

त्या पहाटे वर डोंगरात ढगफुटी झाली. चौसष्टावा मणी सरकला. लाल मणी आला. कासवाने पाण्याकडे पाहिले, माळेकडे पाहिले आणि म्हटले, “एक.”

“कासवदादा, पाणी भिंतीच्या काठाजवळ आलंय!” टिटवी ओरडली. तिची चार अंडी खालच्या वाळूत होती. “दोर ओढा की!”

“माळ अठ्ठावीस म्हणतेय.”

“माळेला डोळे नाहीत. तुम्हालाही नाहीत का?”

“आधी उघडलं तर मला हद्दपारी होईल, टिटवीबाई. तू उडत जा, मुंगूसरावांना विचार. म्हणावं, माळेची पुरी झालेली फेरी मोजणीत धरायची का?”

टिटवी धापा टाकत परतली, तेव्हा माळ सेहेचाळिसावर होती.

“म्हणाले, फेरी हा शब्द पोथीत नाही. मी म्हटलं, आमची माळ लहान आहे. तर म्हणे, माळ ती माळ, आमच्याकडे कधी अडलं नाही. एका बंधाऱ्यासाठी पोथी बदलू का?”

कासवाने माळ टाकली आणि दोर तोंडात धरला. दरवाजा वीतभर उचलला गेला. तेवढ्यात भिंत गेली.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. मुंगूसरावांनी चिखलातून माळ उचलली आणि सरकलेले मणी स्वतः मोजले. सेहेचाळीस. पोथीच्या मागे नोंद झाली: पाणी धोक्याच्या निम्म्यावरही नव्हते, राखणदाराने चोपन्न मणी आधी दरवाजा उघडला, त्या हिसक्याने भिंत फुटली.

टिटवी म्हणाली, “पाणी मी पाहिलंय.”

“किती मणी पाहिलंस?” मुंगूसरावांनी विचारले.

कासव हद्दपार होऊन सरहद्दीकडे निघाले. तिथे, दुसऱ्या नदीवर, राज्याचा आठवा बंधारा नुकताच बांधून झाला होता. खालच्या कोरड्या वाळूत टिटवी पायांनी नवा खळगा उकरत होती. वर दोन गाढवे पोथी घेऊन आली. तिची नक्कल अक्षरन् अक्षर तपासलेली होती. तिथल्या नव्या राखणदाराने ती कपाळाला लावली आणि खुंटीवर आपली माळ अडकवली.

कासवाने ती खालूनच मोजली. एकदा, मग पुन्हा एकदा.

“यात शंभरावा मणी कुठला?” त्याने विचारले.

माळेत बत्तीस मणी होते.