भिवराची थाप आणि ताम्रपटाचा अर्थ

भाद्रपद वद्य षष्ठी, गुरुवार. सकाळी दाट धुके, वारा पडलेला. दुपारी थोडे ऊन.

एका राज्यात राजधानीच्या वेशीवर एक ताम्रपट होता. त्यावर मंत्राने कोरलेले होते : ‘वेशीच्या आत ताणलेल्या चामड्यावर थाप पडू नये. थाप मारील त्याचे हात दगड होतील.’ एकशे चार वर्षे त्या नगरात ढोल नव्हता, मृदंग नव्हता. लग्ने सनई-झांजांवर होत.

त्या सकाळी नदीवर नजर ठेवणाऱ्या भिवराने बुरुजावरून, धुके क्षणभर फाटले तेव्हा पाहिले, की वरचा बांध फुटला आहे. भिजलेले शिंग वाजेना. तिने भिंतीवरची चामड्याची ढाल ओढली, गुडघ्यांत दाबली आणि दोन्ही हातांनी बडवली. खालच्या पेठेतली तीनशे बारा घरे टेकडीवर चढली. एकही माणूस बुडाला नाही. भिवराची दहाही बोटे दगड झाली.

सप्तमीला दगड मनगटापर्यंत चढला. राजवैद्य म्हणाले, “दशमीला काळजाशी पोचेल.”

राजाने न्यायाधीश मल्हणदेवांना बोलावले. “ताम्रपट खोडून टाका.”

“महाराज, मंत्राचे अक्षर खोडता येत नाही. त्याचा अर्थ मात्र लावता येतो. खरा अर्थ पटासमोर उच्चारला तर शाप सुटेल. खोटा उच्चारला तर उच्चारणाऱ्याची जीभ दगड होईल.”

“मग लावा अर्थ.”

“अर्थ अजून मला कळलेला नाही,” मल्हणदेव म्हणाले.

प्रथम ते दरबारातल्या पिंजऱ्यातल्या, शंभरी ओलांडलेल्या बोलक्या मैनेकडे गेले. पट कोरताना ती हजर होती.

“काय ऐकलेस?”

“ताणलेले चामडे. थाप. हात.”

“कारण काय सांगितले?”

“कारण कोरले नाही. मी पाठ केले नाही.”

अष्टमीला दगड कोपरापर्यंत आला. मल्हणदेव गेलेले दिवस दाखवणाऱ्या विहिरीत वाकले. पाण्यात एक मांत्रिक ढोल वाजवत होता. त्यामागून माणसे, डोळे उघडे पण भान हरपलेली, एकामागून एक नदीत उतरत होती. काठावरून आया हाका मारत होत्या. एकही मान वळली नाही.

मल्हणदेव अधिकच गोंधळले. भिवराला भेटून म्हणाले, “कायदा का झाला ते कळले. पण ते पटावर नाही. मी कारण वाचू लागलो, तर उद्या जो तो आपापले कारण घेऊन येईल.”

“शास्त्रीबुवा, तुमचे चालू द्या,” भिवरा म्हणाली. “पण जाता जाता तेवढे नाक खाजवून जा. सकाळपासून माशी बसते आहे.”

त्यांनी नाक खाजवले.

नवमीला दगड खांद्याला टेकला. मल्हणदेव खोगिरे करणाऱ्या गोंदाजी जीनगराच्या दुकानापाशी थबकले. आत थापांचा आवाज चालला होता.

“गोंदाजी, हे चामडे ताणलेले आहे?”

“न ताणता खोगीर कसे होईल? आणि थापटल्याशिवाय बसेल कसे?”

“हात दाखव.”

“घ्या. काळे आहेत, पण मांसाचे आहेत. आजोबांचेही असेच होते.”

मल्हणदेव पायरीवरच बसले. शब्दांवर चालावे तर गोंदाजी दगड व्हायला हवा होता. म्हणजे शाप नुसत्या शब्दांवर चालत नव्हता. थापेने माणसे हलतात का, ते पाहत होता. पण भिवराच्या थापेनेही माणसे हललीच होती. मांत्रिकाची थाप आणि हिची थाप यांत फरक काय? पाण्याकडे नेले की पाण्यापासून दूर, एवढाच? उद्या कोणी ढोल वाजवून माणसांना डोंगरात हाकलले तर ते चालेल का?

 हे प्रश्न घेऊनच ते भिवराच्या निवाड्यासाठी भरलेल्या सभेत गेले.

सभेत पेठेतली म्हातारी आवडाबाई उठली. “पोरगी दोषी असेल तर मलाही धरा. तिच्या थापेवर मी निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले.”

“का?” मल्हणदेवांनी विचारले.

“शेळी राहिली होती.”

“थाप थांबली होती?”

“छे! कान फुटायची वेळ आली होती. पण शेळी माझी आहे ना!”

सभा हसली. मल्हणदेव हसले नाहीत. “परत फिरताना कोणी ओढल्यासारखे वाटले का?”

“चिखलाने ओढले, बाबा. बाकी पाय माझेच होते.”

मल्हणदेव उठून वेशीकडे चालू लागले. चौघांनी भिवराला पाटावर बसवून मागोमाग आणले. पटासमोर उभे राहताच त्यांची जीभ गार पडू लागली. तरी ते स्पष्ट बोलले :

“माणसाचे भान हरपून त्याला ओढून नेते, ती या पटावरची थाप. जी ऐकूनही माणूस परत फिरू शकतो, ती हाक. हाकेला हा कायदा लागू नाही.”

तिसऱ्या प्रहरी भिवराच्या खांद्यापासून दगड गळू लागला. सूर्यास्तापूर्वी दोन्ही हात मोकळे झाले. डाव्या करंगळीचे शेवटचे पेर दगडच राहिले. मल्हणदेवांची जीभ शाबूत राहिली. दशमीच्या सकाळी भिवरा बुरुजावर कामाला रुजू झाली, आणि राजाच्या आज्ञेने तिथे एक नगारा बसवण्यात आला.