लाल अंगरख्याचे गडी

आबाजी महाराजांचा मुक्काम तेव्हा पळसवाडीच्या दत्तमंदिरात होता. महाराज एका गावी फार दिवस टिकत नसत. पण पळसवाडीचा ओढा, तिथली भाकरी आणि मंदिरापुढच्या औदुंबराची सावली त्यांना अशी काही मानवली, की रोज सकाळी 'उद्या निघतो' म्हणत म्हणत महाराज तिथे वर्षभर राहिले. केवढे त्या गावाचे भाग्य!

मंदिरामागे येसूबाई गुरवीण राहत असे. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. देवळाची झाडलोट करावी, दिवाबत्ती पाहावी आणि अंगणातली शेवंती जपावी, एवढाच तिचा संसार. दत्तजयंतीला सूर्य मावळताना देवाचा पाळणा हलतो. त्या पाळण्याला पहिली माळ येसूबाईच्या अंगणातल्या शेवंतीची, हा तिच्या सासूपासून चालत आलेला नेम. त्या माळेत विकतचे फूल चालत नसे, मागून आणलेलेही नाही. सासूने जाताना तिचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, "माळ चुकवू नगंस." एकोणीस वर्षे ती चुकली नव्हती.

त्या वर्षी मात्र जयंती तीन आठवड्यांवर आली आणि शेवंतीला मावा लागला. शेंड्याशेंड्याला काळे बारीक किडे चिकटून बसले, पाने चिकट झाली, कळ्या वाकड्या होऊ लागल्या. येसूबाईने कडुनिंबाचा पाला उकळून शिंपडला, आंबट ताक मारून पाहिले. दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी किडे पुन्हा होते तेवढेच.

भिंतीपलीकडे रंगराव सरनाईकांची मोठी बाग होती. रंगराव मनाने अगदी दुष्ट होते असे नाही, पण जे काही चांगले ते आपल्या नावावर असावे, ही त्यांची फार मोठी हौस. त्याच वर्षी त्यांनी औदुंबराचा पार स्वखर्चाने फरशीने बांधून काढला होता आणि अगदी बुंध्याजवळच्या फरशीवर आपले नाव कोरून घेतले होते. संध्याकाळच्या आरतीनंतर ते चारचौघांत म्हणाले, "येसूबाई, यंदा देवाला किड्यांची माळ घालणार की काय? त्यापेक्षा पहिली माळ आमच्या बागेतली येऊ दे. आणि एकदा मान आमच्याकडे आला की मग दरवर्षी आमचाच."

लोक हसले. येसूबाई खाली मान घालून घरी गेली आणि सासूच्या देव्हाऱ्यापुढे बसून रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच महाराज तिच्या अंगणात येऊन उभे राहिले. येसूबाई तांब्यातून शेवंतीच्या बुडाशी काहीतरी ओतत होती.

"हे काय ओततेस?" महाराजांनी विचारले.

"देवाचं तीर्थ हाय म्हाराज. अभिषेकाचं, पंचामृताचं."

"पूर्वी कुठे घालत होतीस?"

"औदुंबराच्या बुडाला. पन यंदा रंगरावदादांनी पार बांधला, आता तिथं मूठभर माती ऱ्हायली न्हाई. फरशीवर वतलं तर लोकांच्या पायाखाली येतंय. म्हनून म्हटलं, ही झाडं देवाचीच हायत, देवाचंच पानी पिऊ द्यात."

महाराज उकिडवे बसले. बुडाशी मुंग्यांची रांग लागली होती. ती खोडावरून थेट शेंड्यापर्यंत गेली होती. महाराज इतके हसले की त्यांचे खांदे हलू लागले.

"अगं, तू तर मुंग्यांची पंगत मांडली आहेस! दूध-साखरेला मुंग्या आल्या. आल्या त्या वर चढल्या. माव्याच्या अंगातून गोड पाणी निघते, ते त्यांना आवडते. गवळ्याने गाय राखावी तशा त्या मावा राखतात. त्याला खायला कुणी आले तर चावून पळवून लावतात."

येसूबाईने तांब्या खाली ठेवला. "म्हंजे माझ्याच हातानं झालं हे?"

"तुझ्या हातून तीर्थाचा मान राखला गेला. त्यात पाप कसले? पण देवाला मध-साखर रोज चालते, झाडाला चालत नाही. आजपासून तीर्थ ओढ्यात सोड. बुडे धुऊन काढ, प्रत्येक रोपाभोवती राखेची रेघ ओढ. पुढचे काम करायला गडी येतील."

"कुनाचं गडी, म्हाराज?"

"लाल अंगरखे घालून येतील," महाराज म्हणाले. "आले म्हणजे घाबरू नकोस आणि कुणाला हाकलू नकोस."

महाराजांनी सांगितले तसे येसूबाईने केले. चार दिवसांत मुंग्या गेल्या, मावा मात्र तसाच होता. गड्यांचा पत्ता नव्हता. ती दिवसातून दहा वेळा वाटेकडे बघे.

इकडे रंगराव आपल्या बागेत फिरत होते. त्यांच्या शेवंतीवर लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे किडे पुष्कळ दिसत होते. रंगरावांनी म्हादू माळ्याला हाक मारली, "ही कीड आत्ताच्या आत्ता वेच."

"मालक, ही कीड न्हाई. हे ढालकिडे. ह्येच मावा खात्यात, म्हनून तर आपली बाग नीट हाय."

"मला शिकवू नकोस. सगळे वेच आणि त्या गुरविणीच्या अंगणात टाक. तिच्याकडे आधीच किड्यांचे माहेर आहे."

म्हादूने दोन मडकी भरली आणि भिंतीवरून ओतली.

अंगणात लाल किड्यांचा सडा पडलेला येसूबाईने पाहिला. आधी एक कीड, त्यात ही दुसरी! तिने खराटा उचलला. सगळे गोळा करून चुलीत घालावे म्हणून ती वाकली, तोच एक किडा तिच्या बोटावर चढला. येसूबाईने नीट पाहिले. लाल अंगरखा! तिने खराटा बाजूला ठेवला. तिने त्या किड्यांनाच हात जोडले आणि ती म्हणाली, "या बाबांनू. लई वाट बघाय लावलीसा."

गडी कामाला लागले. हाकलायला मुंग्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना रान मोकळे होते. दहा-बारा दिवसांत शेंडे स्वच्छ झाले, मुडपलेल्या कळ्या सरळ झाल्या आणि जयंतीच्या सकाळी सारे अंगण पिवळे झाले. दत्तगुरूंची लीला! येसूबाई माळ ओवत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती.

रंगरावांच्या बागेत मात्र राखणदार उरले नव्हते. म्हादू फुले तोडायला गेला आणि रिकामी परडी घेऊन परतला. रंगराव स्वतः गेले, तेव्हा त्यांची बोटे माव्याने चिकट झाली.

संध्याकाळी ते मंदिरात आले आणि खांबाआड उभे राहिले. पाळण्याला येसूबाईची माळ लागली होती.

"रंगराव, पुढे या," महाराज म्हणाले. "आजच्या माळेत अर्धा वाटा तुमचा. गडी तुम्ही पाठवलेत."

रंगराव दचकले. त्यांनी म्हादूकडे पाहिले. म्हादूने नकारार्थी मान हलवली. त्याने कुणाला अवाक्षर सांगितले नव्हते. येसूबाई म्हणाली, "दादा, लाल अंगरख्याचं गडी येनार, हे म्हाराजांनी मला चार-पाच दिस आदीच सांगितलं हुतं. ते तुमचं, हे तेवढं मला ठावं नव्हतं."

रंगरावांचा चेहरा उतरला. "महाराज, मी ते वाईट बुद्धीने टाकले होते."

"ठाऊक आहे. देवाने ते चांगल्या कामाला लावले. त्यात तुमचे काय बिघडले?"

"बाग गेली, महाराज."

सगळे हसले आणि शेवटी रंगरावही हसले. मग त्यांनी हात जोडून विचारले, "मी आता काय करू?"

"ते येसूबाईला विचारा."

येसूबाई संकोचली. "दादा, माझं काय मागनं न्हाई. तेवढं औदुंबराला तीर्थ पोचंल असं बघा."

रंगरावांनी पहार मागवली. म्हादू पुढे झाला, पण त्यांनी ती त्याच्या हाती दिली नाही. बुंध्याजवळची, आपल्या नावाची फरशी त्यांनी स्वतःच्या हाताने उचकटून बाजूला ठेवली. खालची ओली माती दिसताच येसूबाईने त्या दिवसाचे तीर्थ तिथे ओतले.

रंगराव महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज बाजूला सरले आणि त्यांनी येसूबाईकडे बोट दाखवले. तेव्हा सरनाईकांनी पागोटे काढून गुरविणीपुढे डोके टेकले. पागोट्यावर एक ढालकिडा येऊन बसला. त्याला कुणीही हाकलले नाही.